परफोरेशनची गन निवडताना: वायरलाइन, टीसीपी आणि चार्जचे प्रकार

विहिरीत केसिंग (पोलादी नळ्यांचे अस्तर) उतरवून तिच्यामागे सिमेंट भरले की तेलाचा थर आणि विहीर यांच्यामध्ये पोलाद आणि सिमेंट असा दुहेरी अडसर उभा राहतो. तो अडसर भेदून थरात शिरणारी छिद्रे पाडण्याचे काम म्हणजे परफोरेशन. सुरुवातीला हे काम खरोखरच गोळ्यांनी होत असे. १९३२ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेबेलो येथे लेन आणि वेल्स यांनी केबलवर गन सोडून केसिंगमधून गोळ्या झाडल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातील चिलखतभेदी अस्त्रांचे तत्त्व १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेलविहिरींत आले आणि शेप्ड चार्जने, म्हणजे स्फोटातून धातूचा अतिवेगवान झोत सोडणाऱ्या स्फोटकाने, गोळीला जवळजवळ हद्दपार केले. आज निवड करायची ती शेप्ड चार्जच्याच वेगवेगळ्या रूपांतून. ती करताना दोन प्रश्न स्वतंत्र ठेवावे लागतात: गन खाली कशाने न्यायची, आणि तिच्यात कोणता चार्ज भरायचा. पहिल्याचे उत्तर विहिरीची रचना आणि थराची लांबी देते. दुसऱ्याचे उत्तर परफोरेशननंतर त्या विहिरीचे काय करायचे आहे यावर अवलंबून असते. प्रत्यक्षात मात्र अनेक निविदा काँक्रीटमध्ये चार्ज किती इंच घुसतो या एकाच आकड्यापासून सुरू होतात. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

वाहतुकीच्या साधनांपैकी वायरलाइनवरची, म्हणजे केबलवर सोडलेली, केसिंग गन ही सर्वांत सरळ आणि सहसा सर्वांत स्वस्त. ट्युबिंग (केसिंगच्या आतली, उत्पादन वर आणणारी बारीक नळी) अजून उतरवलेली नसते, त्यामुळे सात इंची केसिंगमध्ये साडेचार इंची गन सहज जाते, मोठा चार्ज भरता येतो आणि गन व केसिंग यांतील अंतर कमी राहते. खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग मोजणारे गॅमा रे आणि केसिंगचे जोड ओळखणारे कॉलर लोकेटर गनसोबतच असल्यामुळे खोलीचा ताळा फायरिंगच्या काही मिनिटे आधी घेता येतो. मिसफायर झाली तरी केबल ओढून गन वर आणायची, दोष शोधायचा आणि पुन्हा उतरवायची, एवढ्यावर भागते. थर आठ-दहा मीटरचा, विहीर फारशी कललेली नाही आणि एका फेरीत काम होणार असेल, तर दुसरा पर्याय शोधण्याचे सहसा कारण नसते.

अडचण सुरू होते ती थर लांब असला की. एका फेरीत किती मीटर गन जाईल याला केबलच्या ताकदीची आणि, विहीर दाबाखाली असेल तर, लुब्रिकेटरच्या, म्हणजे विहिरीच्या तोंडावर बसवलेल्या दाब रोखणाऱ्या नळीच्या, उंचीची मर्यादा असते. साठ मीटरचा थर म्हणजे चार-पाच फेऱ्या, आणि येथे एक गोष्ट खर्चाच्या तक्त्यात दिसत नाही. शेप्ड चार्जचा झोत खडकात बोगदा करतो तेव्हा बोगद्याभोवतीचा खडक चिरडला जातो. त्या चिरडलेल्या कवचाची पारगम्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता, मूळ खडकाच्या लहानशा अंशावर येते. हा चुरा बाहेर काढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अंडरबॅलन्स, अर्थात फायरिंगच्या क्षणी विहिरीतील दाब थराच्या दाबापेक्षा कमी ठेवणे, म्हणजे थरातून आलेला लोंढा बोगदे धुऊन काढतो. वायरलाइनवर हा लाभ मुख्यतः पहिल्याच फेरीला मिळतो. एकदा थर उघडला की दोन्हीकडचे दाब समान होऊ लागतात, आणि नंतरच्या फेऱ्यांतील छिद्रे तशीच चुऱ्याने भरलेली राहतात. शिवाय पहिल्या फेरीतही अंडरबॅलन्स मनाजोगता वाढवता येत नाही. जोराचा प्रवाह गनला वर ढकलतो आणि केबलचा गुंता होऊन बसतो.

ट्युबिंगवरून नेली जाणारी गन, जिला सगळे टीसीपी (ट्युबिंग-कन्व्हेड परफोरेटिंग) म्हणतात, ही नेमकी उणीव भरून काढते. शेकडो मीटर गन एकाच वेळी ट्युबिंगच्या खाली जोडून नेता येते, पॅकर (ट्युबिंग आणि केसिंग यांमधली जागा बंद करणारे साधन) बसवून वरचा द्रवस्तंभ हलका करता येतो आणि सगळा थर एकाच क्षणी, हवा तेवढा अंडरबॅलन्स ठेवून उघडता येतो. वायरलाइन साधारण साठ अंशांपलीकडच्या कलात केवळ वजनाने खाली सरकत नाही. टीसीपी आडव्या विहिरीतही ढकलता येते. विहीर उघडते तेव्हा पॅकर आणि ख्रिसमस ट्री (विहिरीच्या तोंडावरचा झडपांचा संच) जागेवर असतात, त्यामुळे जास्त दाबाच्या वायूविहिरींत हा मार्ग अधिक निर्धास्त.

त्याची किंमत मात्र तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, रिगचा वेळ: आठ मीटरच्या थरासाठी संपूर्ण ट्युबिंग उतरवणे आणि खोली जुळवण्यासाठी ट्युबिंगमधून गॅमा रे चालवणे हे काम वायरलाइनच्या एका फेरीपेक्षा कितीतरी लांबते. दुसरी, रॅटहोल: फायरिंगनंतर गन खाली सोडून द्यायची असेल तर थराच्या खाली गनच्या लांबीपेक्षा जास्त खोली ड्रिलिंगच्या वेळीच ठेवलेली असावी लागते, आणि हे परफोरेशनच्या आठवड्यात आठवून उपयोग नसतो. तिसरी आणि सर्वांत महाग, मिसफायर. टीसीपी न फुटल्यास अख्खी स्ट्रिंग, तीही स्फोटकांनी भरलेली, वर काढावी लागते. म्हणूनच फायरिंग हेडच्या, म्हणजे गन फोडणाऱ्या यंत्रणेच्या, बाबतीत काटकसर करू नये. वरून लोखंडी बार टाकून फोडण्याची पद्धत सरळ विहिरीत साधी आणि चांगली आहे. पण विहीर कललेली असेल, किंवा ब्राइनमधील (विहिरीत भरलेल्या खारट पाण्यातील) गाळ हेडवर बसला असेल, तर बारचा आघात पुरेसा होत नाही. अशा वेळी दाबावर चालणारे आणि काही मिनिटांचा विलंब देणारे हायड्रॉलिक हेड, आणि त्याच्या जोडीला दुसरे स्वतंत्र हेड, हा शहाणपणाचा खर्च होय. विलंबाचा फायदा असा की हेड चालू करण्यासाठी वाढवलेला दाब फायरिंगपूर्वी उतरवून अंडरबॅलन्स पुन्हा प्रस्थापित करता येतो.

तिसरा पर्याय म्हणजे थ्रू-ट्युबिंग गन: ट्युबिंग आत असतानाच तिच्यातून उतरणारी, सुमारे पावणेदोन ते सव्वादोन इंच व्यासाची. मुंबई हायसारख्या, १९७६ पासून उत्पादन देत असलेल्या क्षेत्रात हा पर्याय दुर्लक्षिता येत नाही. अशा क्षेत्रांतील वेलहेड प्लॅटफॉर्म लहान असतात, तेथे रिग आणणे हीच मोठी घटना असते, आणि ट्युबिंग न काढता वरचा थर उघडण्याचे काम वायरलाइन युनिटवर झाले तर सारे गणित बदलते. परंतु लहान गन म्हणजे लहान चार्ज, आणि मोठ्या केसिंगमध्ये ती एका बाजूला टेकून राहते, त्यामुळे समोरच्या भिंतीकडे झोत पोहोचेपर्यंत त्याचा जोर निघून जातो. म्हणून बहुधा चुंबकाने गन भिंतीला चिकटवून सर्व चार्ज त्याच दिशेने झाडतात. पोकळ नळीऐवजी पट्टीवर लावलेले कॅप्सूल चार्ज वापरल्यास चार्ज मोठा घेता येतो, पण मग कवचांचा कचरा विहिरीतच पडतो आणि स्फोटाचा धक्का थेट केसिंगला बसतो. जुन्या, गंजलेल्या केसिंगमध्ये किंवा जेथे सिमेंट कमजोर असल्याचे लॉगवर दिसते तेथे कॅप्सूल गन मी सुचवणार नाही.

कॉइल्ड ट्युबिंग (रिळावर गुंडाळलेली अखंड नळी) आणि ट्रॅक्टर (गन ओढत नेणारे यंत्र) हे आडव्या विहिरींतील मधले मार्ग आहेत. रिग नसताना उपयोगी, पण दर मीटरला महाग.

आता चार्जकडे. ढोबळ मानाने दोन घराणी आहेत. खोल घुसणारा चार्ज केसिंगमध्ये साधारण ८ ते ११ मिलिमीटरचे छिद्र पाडतो आणि काँक्रीटच्या चाचणीत एक मीटर किंवा त्याहून जास्त जातो. मोठ्या छिद्राचा चार्ज २० ते २५ मिलिमीटरचे तोंड उघडतो, पण १५-२० सेंटिमीटरवर थांबतो. खोलीचा हा आकडा एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) आरपी १९बी या पद्धतीच्या पहिल्या विभागातील असतो: पृष्ठभागावर, काँक्रीटच्या लक्ष्यात, कोणताही भूदाब नसताना. जमिनीखाली तोच चार्ज कठीण, दाबाखालच्या खडकात पुष्कळदा निम्माही जात नाही. म्हणून दोन कंपन्यांच्या चार्जमधील काँक्रीटवरचा पाच-सहा इंचांचा फरक विहिरीत कितपत उरेल याची शंका बाळगावी, आणि शक्य असेल तेथे त्याच पद्धतीच्या चौथ्या विभागातील, म्हणजे दाबाखालच्या खडकातून प्रवाह मोजणाऱ्या चाचणीचे निष्कर्ष मागावेत.

खोल चार्जचे खरे काम ड्रिलिंगच्या मडने (खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाने) बिघडवलेला पट्टा ओलांडणे हे आहे. वालुकाश्मातील विहीर कोणत्याही पुढील उपचाराविना वाहणार असेल, तर ती खोली अमूल्य ठरते आणि टीसीपीवरचा खर्चही येथेच सर्वाधिक फळतो. मुंबई हायचा मुख्य थर मात्र चुनखडकाचा आहे आणि तेथील विहिरींना परफोरेशननंतर ॲसिड देणे हा नित्याचा भाग आहे. ॲसिड चुनखडक विरघळवत चार्जच्या बोगद्यापेक्षा बरेच पुढे जाते, चिरडलेले कवचही खाऊन टाकते. अशा विहिरीत सर्वांत खोल चार्जसाठी जादा पैसे मोजण्याऐवजी छिद्रे एकसारखी, सर्व दिशांना आणि पुरेशा संख्येने असणे, म्हणजे ॲसिड एकाच ठिकाणी न जाता सगळ्या थरात वाटले जाणे, हे अधिक मोलाचे. दर फुटाला सहा चार्ज आणि साठ अंशांचे फेजिंग (लगतच्या छिद्रांमधला कोन) ही तेथे समंजस निवड ठरते.

हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग, म्हणजे दाबाने द्रव घुसवून खडकाला भेगा पाडणे, करायचे असेल तर पारडे आणखी झुकते. राजस्थानातील रागेश्वरीसारख्या घट्ट खडकाच्या वायूक्षेत्रांत फ्रॅक्चर हेच विहिरीचे जीवन असते. तेथे बोगदा किती खोल गेला यापेक्षा प्रत्येक छिद्राचा व्यास सारखा आहे का हे पाहावे, कारण पंपाने ढकललेला द्रव छिद्रांच्या व्यासानुसार विभागला जातो. गन केसिंगच्या एका बाजूला टेकलेली असतानाही सर्व बाजूंना समान छिद्रे पाडणारे चार्ज याच कारणासाठी निघाले आहेत. उलट भुसभुशीत वाळूच्या थरात ग्रॅव्हल पॅक (वाळू अडवणारा खडीचा थर) करायचा असेल तर मोठ्या छिद्राचा चार्ज, दर फुटाला १२ ते १८, याला पर्याय नाही. तेथे अंडरबॅलन्सचा मोहही आवरावा. दाबातील फरक जास्त झाला की थराची वाळूच विहिरीत येते आणि गनला पकडून ठेवते.

स्फोटकाची निवड तापमानाबरोबरच वेळेवरही ठरते, आणि येथे वायरलाइन व टीसीपी यांचा फरक पुन्हा समोर येतो. आरडीएक्स एका तासासाठी सुमारे १७० अंश सेल्सियस सहन करते, एचएमएक्स सुमारे २०० आणि एचएनएस सुमारे २६०. परंतु टीसीपीची गन उतरवणे, पॅकर बसवणे, वरची जोडणी तपासणे यांत एक-दोन दिवस सहज जातात, आणि शंभर तासांच्या मर्यादा बऱ्याच खाली असतात. आरडीएक्सची ती ११५ अंश किंवा त्याहूनही कमी धरावी लागते. त्यामुळे जी विहीर वायरलाइनवर आरडीएक्सने सहज होईल, तीच टीसीपीवर एचएमएक्स मागू शकते. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील दीनदयाळसारख्या क्षेत्रात तळाचे तापमानच २०० अंशांच्या घरात असल्याने तेथे एचएनएसच्या वर्गाकडे जावे लागते, आणि त्याच आकाराच्या चार्जची भेदनशक्ती थोडी कमी होते हेही गृहीत धरावे लागते.

सुरक्षेच्या बाबतीत विजेवर चालणारा साधा डेटोनेटर हा वायरलाइनचा दुबळा दुवा आहे. तो गनला जोडल्यापासून गन समुद्रतळाच्या सुमारे साठ मीटर खाली जाईपर्यंत प्लॅटफॉर्मवर रेडिओ बंद, वेल्डिंग बंद, हेलिकॉप्टर आणि बोटी दूर. जेथे शेजारच्या प्लॅटफॉर्मवर इतर कामे चालू आहेत तेथे या शांततेचे तास खरोखर महाग पडतात, आणि रेडिओलहरींना दाद न देणारा डेटोनेटर महाग असूनही दोन-तीन विहिरींतच स्वतःची किंमत भरून काढतो. गनमध्ये पाणी शिरले तर आपोआप निष्क्रिय होणारा डेटोनेटरही मागावा. पाणी भरलेली गन झाडली गेल्यास ती फाटून केसिंगमध्ये अडकते.

ज्यांना स्फोटकेच टाळायची आहेत त्यांच्यासाठी वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने केसिंग कापण्याचा मार्ग आहे. खडक चिरडला जात नाही, परवान्यांची दगदग नाही. पण काम संथ आहे आणि पाच-सहा छिद्रसमूहांपलीकडे ते परवडत नाही. परवान्यांचा उल्लेख उगाच केलेला नाही. स्फोटकांची आयात, साठवण आणि वाहतूक यांसाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची (पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची) परवानगी लागते, आणि नव्या, लहान ऑपरेटरच्या वेळापत्रकात चार्ज वेळेवर पोहोचणे हीच गोष्ट कित्येकदा चार्जच्या प्रकारापेक्षा निर्णायक ठरते. तेव्हा सेवा कंपनीकडे मागितलेला चार्ज देशात परवानाधारक साठवणगृहात आहे की मागवावा लागणार आहे, हे दरपत्रकासोबतच लेखी विचारावे.

करारात आणखी एक कलम असावे. गन वर आल्यावर, आत अडकलेला दाब काढून टाकून, ती डेकवर आडवी ठेवतात. नळीवर प्रत्येक चार्जसमोर एक उथळ, गोल खळगी खरवडलेली असते. झोत तिच्यातून बाहेर पडला तर छिद्राची उचललेली कडा खळगीतच राहते आणि केसिंगला घासत नाही. ऑपरेटरच्या प्रतिनिधीने या खळग्या एकेक करून मोजाव्यात. खळगीबाहेर पडलेले छिद्र म्हणजे चार्ज भरताना नळी फिरली होती; एका टोकापासून पुढे सगळ्या खळग्या कोऱ्या असतील तर डेटोनेटिंग कॉर्ड (सगळ्या चार्जना जोडणारी स्फोटक दोरी) मध्येच तुटली होती. देयक उतरवलेल्या चार्जवर न देता या मोजणीतून निघालेल्या, प्रत्यक्ष फुटलेल्या चार्जवर द्यावे, आणि फुकट गेलेल्या फेरीचा रिगखर्च कोणी सोसायचा हे दर ठरण्यापूर्वीच लिहून घ्यावे. गन विहिरीतच सोडून देणार असाल तर ही तपासणी शक्य नसते. मग फायरिंगच्या क्षणी दाब आणि कंपन नोंदवणारी यंत्रणा वेगळी मागावी लागते, आणि टीसीपीच्या दराची तुलना करताना तिचा खर्च त्यात धरावा.