सेमी-ट्रेलिंग आर्म की मल्टिलिंक? मागचं सस्पेन्शन कोणतं भारी

काल धरमपेठेत तर्रीपोहे खाताना पोट्टे पुन्हा याच्यावरच भांडले, म्हणून लिहून टाकतो एकदाचं.

सेमी-ट्रेलिंग आर्ममधी मागच्या प्रत्येक चाकाले एकच तिरपा आर्म (चाक गाडीले जोडणारा दांडा), त्याचे दोन बुश (सांध्यातले रबर), बस. स्वस्त, मजबूत, जागा कमी. जुन्या पोर्शे ९११ मधी हेच, बीएमडब्ल्यू ई३० (जुनी ३ सिरीज) मधी पण हेच. नॉर्मल चालवताना मस्त वाटते, लफडं होते लिमिटवर, मंजे टायरची पकड संपत आली की. वळणात जोरात असताना घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जाते, मागचा भाग उचलतो, निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी होतो आणि बुश दबून बाहेरचं चाक थोडं टो-आऊट होते, मंजे ज्या टायरवर सगळा भार तोच बाहेर तोंड करते, अन् गाडी फिरलीच समजा. ९११ मधी तं इंजिनपण मागंच लटकलेलं, राजेहो!

मल्टिलिंकमधी चार-पाच वेगळ्या लिंका, म्हणून टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) अन् कॅम्बर वेगवेगळे सेट करता येते. अॅक्सिलरेटर सोडला तरी चाक थोडं टो-इन होईल असं डिझाईन करता येते. मर्सिडीज १९० मधी १९८२ लेच पाच लिंका होत्या, ९११ ले मात्र १९९३ च्या ‘९९३’ मॉडेलपर्यंत थांबा लागलं. खर्च जास्त, बुशही जास्त, अन् आपल्या इकडच्या खड्ड्यात ते बुश किती टिकते ते सांगाले नको.

मले विचाराल तं मल्टिलिंकच. पण ई३० ची शेपटी हळूच सुटते नं, ती मजा वेगळीच आहे बे.