नवीपेठेतला तिकीटवाला: तारीख बदलायचा खरा खर्च सांगणारा माणूस

जळगावला नवीपेठेत एक छोटंसं तिकिटाचं दुकान आहे, त्याच्याबद्दल लिहायचंच होतं. आईबाबांचं मुंबई-बंगलोर विमानाचं तिकीट त्याच्याकडूनच काढलेलं आणि नेमकी साखरपुड्याची तारीख पुढे ढकलली गेली. दुकानवाल्या भाऊने पहिला प्रश्न काय विचारला तर, मुंबईपर्यंतच्या रेल्वेचं काय, आधी त्या दिवशीचं रिझर्वेशन मिळतंय का बघा, विमान नंतर हलवू. खान्देशातल्या माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नाही हे त्याला बरोबर कळतं.

मग कागदावर हिशोब मांडला. माणशी चेंज फी, म्हणजे तारीख बदलायचा चार्ज, 3,000, जुनं भाडं 4,500 आणि नव्या तारखेचं 5,700 म्हणून फरक 1,200, त्याचे स्वतःचे 200, झाले 4,400. लोक फक्त चेंज फी धरतात आणि फरकाचा आकडा आला की भांडतात. शेजारीच दुसरा हिशोब, जुनं कॅन्सल करून नवीन काढलं तर किती, ते 300 नी महाग पडत होतं म्हणून बदलूनच घेतलं. पण नवीन तिकीट बरंच स्वस्त असेल तर उलटं करायचं म्हणे, कारण तारीख बदलताना भाडं कमी निघालं तरी तो फरक बहुतेक वेळा परत देत नाहीत, आणि कॅन्सल केल्यावर एअरपोर्टचे टॅक्स तर परत मिळतातच, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी. कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं आणि फ्युएल सरचार्ज मिळून होतात त्यापेक्षा जास्त लावता येत नाही, डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियमच आहे.

पुतण्याचं तिकीट एका ॲपवरून होतं, तिथे सगळं मिळून एकच आकडा, कशाचे किती काही पत्ता नाही. भाऊ त्याला म्हणे, देशातलं तिकीट एअरलाईनच्या साईटवरून काढत जा, विमानाला आठवड्यापेक्षा जास्त वेळ असेल तर बुकिंगपासून 48 तासात चेंज फी लागत नाही, फक्त भाड्यातला फरक. स्वतःचं गिऱ्हाईक जाईल असा सल्ला कोण देतं सांगा!

दुपारी दुकान बंद असतं, व्हॉट्सॲपला उत्तर उशिरा येतं आणि गाडी लावायला जागा नाही, एक स्टार त्याचा कापला. पण पैसे घ्यायच्या आधी तो कागद हातात देतो, म्हणून घरातली तिकिटं आता तिथूनच.