नऊ महिन्यांनंतर: मुलाचं युडीआयडी कार्ड आणि ते काढताना मिळालेली मदत

आधीच सांगते, हा अनुभव दोन गोष्टींचा आहे. एक ते पिवळ्या रंगाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि दुसरा ते काढायला ज्यांनी मदत केली तो पालकांचा मदत कक्ष. कार्डाला मी पाचपैकी तीन देईन, मदत कक्षाला साडेचार. अर्धा का कापला तेही पुढे येईल.

मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या आरबीएसकेच्या, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणी कार्यक्रमाच्या, पथकाने तो चार वर्षांचा असतानाच जिल्ह्याला पाठवलं होतं आणि निदानही तेव्हाच झालं. अपंगत्वाचा दाखला काढायला मात्र आम्ही दोन वर्षं घालवली. घरात 'अपंग' हा शब्दच कोणाला नको होता. "उद्या बोलायला लागला तर? कागद जन्मभर चिकटेल पोराला," असं सासूबाई म्हणायच्या आणि मीही मान डोलवायचे. लहान मुलांना सहसा तात्पुरता दाखला मिळतो, त्यावर मुदत असते आणि मुदत संपली की पुन्हा तपासणी होते, हे तेव्हा माहीतच नव्हतं.

पहिला प्रयत्न आमचा आम्हीच केला. बाजारपेठेतल्या नेटकॅफेत पन्नास रुपये देऊन स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे दाखला आणि कार्ड दोन्हींसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, फॉर्म भरला. त्या पोराने घाईघाईत अपंगत्वाच्या प्रकारात 'मानसिक आजार' टाकलं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. स्वमग्नता वेगळी, बौद्धिक अक्षमता वेगळी, मानसिक आजार वेगळा. आम्हाला तेव्हा तिन्ही एकच वाटायचे, त्यामुळे मी शेजारी बसून बघत असूनही काही बोलले नाही. सरकारी रुग्णालय आमच्या गावाहून ५२ किलोमीटर. नवऱ्याने कंपनीत बिनपगारी रजा टाकली, मुलाला पहाटे उठवून पहिली गाडी धरली आणि तिथे पोचल्यावर कळलं की आम्ही भलत्याच रांगेत आहोत आणि आमचा वार तर परवा होऊन गेला. गर्दी, पंख्यांचा आवाज, फिनेलचा वास. मुलाने फरशीवर अंग टाकलं ते पाऊण तास उठला नाही.

गेटबाहेर चहाच्या गाड्यावर एक जण स्वतःहून आला. चार हजार द्या, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डातून अपंगत्वाचा टक्का वाढवून आणतो, मुलाला आणायची पण गरज नाही. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी चार हजार हाताशी असते तर मी दिले असते.

मदत कक्षाचा पत्ता मुलाच्या स्पीच थेरपिस्टने दिला. कक्ष कसला, एका विशेष शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं. बुधवार आणि शनिवार. चालवणारे सगळे पालकच. फी नाही, झेरॉक्सचे पैसे तेवढे आपले. टेबलावर बसतात ते काका एसटीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा चोवीस वर्षांचा आहे, आमच्यासारखाच. त्यांनी चुकीचा अर्ज कसा मार्गी लावायचा ते सांगितलं, आधार आणि जन्मदाखल्यावरचं नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून बघितलं, फोटो मोबाइलवर काढून दिला, कारण स्टुडिओतला फ्लॅश आमच्याकडे चालत नाही. सही करू न शकणाऱ्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा अपलोड करावा लागतो. शाईचं बोट त्याने माझ्या ओढणीला पुसलं, कागदाला नाही. सहाव्या खेपेला ठसा उमटला.

इथपर्यंतचं काम कुठलाही चांगला सेतूवाला करेल. खरी मदत पुढे झाली.

काकांनी विचारलं, झोप कशी आहे? मी म्हटलं, तशी बरी आहे, कधी कधी उठतो. ते म्हणाले, "ताई, कधी कधी म्हणजे आठवड्यातून किती वेळा?" मला सांगता येईना. जेवण? जेवतो की. स्वतःच्या हाताने? नाही, मी भरवते. शाळेत? जातो. किती वेळ थांबतो? दीड तास, मग फोन येतो. प्रत्येक प्रश्नाला माझं पहिलं उत्तर 'बरं चाललंय' असं आणि दुसरं उत्तर खरं. त्यांनी शंभर पानी वही घ्यायला लावली. पंधरा दिवस रोज लिहायचं: किती वाजता झोपला, किती वेळा उठला, डोकं आपटलं का, कशाने, किती वेळ, शी-शूला सांगितलं का, रस्त्यावर हात सोडून पळाला का. जो दिवस चांगला गेला तोही तसाच लिहायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

हे का, ते मानसशास्त्रज्ञांपुढे बसल्यावर कळलं. स्वमग्नतेसाठी आयएसएए नावाची आपल्याच देशात तयार झालेली मोजपट्टी आहे. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एखादी गोष्ट क्वचित होते, कधी कधी होते, वारंवार होते, बहुतेक वेळा होते की कायम होते, यावर गुण. म्हणजे माझं ते 'कधी कधी' तिथे चक्क दोन गुणांचं होतं! वहीत बघितलं तर पंधरापैकी तेरा रात्री तो दोननंतर झोपलेला. आपल्या मुलाबद्दल वाईट बोलायचं नाही हे आपल्या हाडीमाशी असतं. पाहुण्यांपुढे झाकतो, तसंच डॉक्टरांपुढेही झाकतो, आणि मग कमी टक्के आले की बोर्डाला शिव्या घालतो. वही वाचून मानसशास्त्रज्ञ बाईंनी बरेच उलट प्रश्न विचारले, मुलाबरोबर खेळून स्वतः तपासलंही. तेव्हा वही दाखवून टक्का वाढतो असा कोणी अर्थ काढू नये.

सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, नावाने हाक मारल्यावर बघतो का? मी वही उघडेपर्यंत त्या म्हणाल्या, "बघतो की, सगळं कळतं त्याला." डॉक्टर म्हणाले, मारा हाक. त्यांनी एकदा मारली, दोनदा मारली, मग लाडाच्या नावाने मारली. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि नंतर सगळ्या प्रश्नांना त्यांनीच उत्तरं दिली, माझ्यापेक्षा खरी.

सत्तर टक्के आले. कार्ड पिवळं, चाळीसच्या खाली पांढरं, ऐंशी आणि वर निळं असतं. दाखला देण्याची मुदत आधी एक महिन्याची होती, २०२४ च्या सुधारित नियमांत ती तीन महिने झाली. आमचं सात आठवड्यांत ऑनलाइन दिसलं, मी त्याच दिवशी उतरवून घेतलं. पोस्टाने छापील कार्ड यायला आणखी बराच वेळ लागला.

आता वापराचं. एसटीत चाळीस टक्के आणि वर असेल तर ७५ टक्के सवलत. ऐकायला भारी, पण मुलाचं तिकीट वयामुळे आधीच अर्धं होतं, ते पाव झालं. आमच्या टक्केवारीला सोबत्यालाही पन्नास टक्के, पण मला बाई म्हणून २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहेच. म्हणजे फायदा झाला तो नवरा घेऊन जातो तेव्हा. कंडक्टर बहुतेक चांगले. एकाने मात्र भर गाडीत विचारलं, "ह्याला काय झालंय? दिसत तर काय नाही." कार्डावर लिहिलंय ते वाचा म्हटलं.

दरमहा पैसे मिळतील ही आशा सोडली. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना आता २५०० रुपये झालेत, पण कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काहीतरी. एमआयडीसीत कंत्राटी पोराला याहून जास्त मिळतात. तहसीलच्या खिडकीवरच्या बाईंनी उत्पन्नाचा आकडा बघून कागद परत सरकवले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ही मर्यादा कोणत्या काळातली आहे, हा प्रश्न मुंबईत विचारायला हवा.

सगळ्यात उपयोगी पडलं ते निरामय. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची आरोग्य विमा योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, दारिद्र्यरेषेच्या वरच्या कुटुंबाला नोंदणीचे ५०० रुपये. थेरपीचा खर्चही त्यात ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतो, आणि आमच्यासारख्यांचा खरा खर्च तोच असतो. नोंदणी एका नोंदणीकृत संस्थेमार्फत मदत कक्षानेच करून दिली. आता अर्ध्या गुणाची गोष्ट. माझा पहिला दावा परत आला, कारण थेरपीची बिलं साध्या पावत्या होत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नव्हती. हे काकांनी आधी सांगायला हवं होतं. विचारलं तर कपाळावर हात मारून म्हणाले, "ताई, राहिलंच की सांगायचं." तीन महिन्यांची बिलं गेली ती गेली. पुढचा दावा पक्क्या बिलांवर केला, तो मंजूर झाला.

आयकराचं थोडक्यात. १९६१ च्या आयकर कायद्याच्या 80डीडी कलमाखाली ७५ हजारांची वजावट आहे, ऐंशी टक्के आणि वर असेल तर सव्वा लाख. पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि नवऱ्याने कंपनीत नवीच निवडून ठेवली होती. जुनी घेणार असाल तर स्वमग्नतेला 10-आयए हा फॉर्म वेगळा लागतो, तो ठरावीक डॉक्टरांकडूनच भरून घ्यावा लागतो.

शाळेत कार्ड दाखवल्यावर शिक्षण खात्याच्या तालुक्यातल्या गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा यायला लागले. मुलगा आता अडीच तास थांबतो. कार्डाने झालं की शिक्षकांनी, सांगता येणार नाही. स्थानिक संस्थांना उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते, म्हणून आमच्या पालिकेतही अर्ज दिलाय. चार महिने झाले, पोच आहे, उत्तर नाही.

मदत कक्षाचा आणखी एक दोष म्हणजे सगळं एका माणसावर आहे. काका आजारी पडले तेव्हा तीन आठवडे टेबल रिकामं होतं आणि फोनही लागत नव्हता. तुमच्या जिल्ह्यातही पालकांचं असं काही चालत असेल, विशेष शाळेत चौकशी करा. जाताना आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, जुन्या तपासण्यांचे कागद आणि मुलाचे सहा फोटो न्या, आणि कोरी वही आधीच घेऊन जा. आमच्याकडे जायचं तर दहाच्या आत पोचा. साडेबाराला काका उठतात, मुलाला जेवायला घालायचं असतं.