रिजनल एअरलाइनचा स्टँडबाय पास: फिरायला उत्तम, ड्युटीवर पोहोचायला बेभरवशाचा

अमेरिकेत रिजनल एअरलाइनची, म्हणजे मोठ्या एअरलाइनसाठी लहान विमानं उडवणाऱ्या कंपनीची, नोकरी लागली की पगाराहून जास्त चर्चा होते ती फुकट विमानप्रवासाची, म्हणजे स्टँडबाय पासची: सीट उरली तरच चढायला मिळतं. काही महिने हा पास सुट्टीसाठी आणि बेसवर, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते त्या विमानतळावर, ये-जा करण्यासाठी, असा दोन्ही कामांना वापरल्यावरचं माझं मत असं: सुट्टीसाठी याला तोड नाही. ड्युटीवर वेळेत पोहोचायचं असेल, तर मात्र पास काय देतो यापेक्षा तुमचं घर आणि बेस यांच्यामधला रूट कसा आहे यावर सगळं ठरतं. ऑफर लेटरवर सही करण्याआधी बेनिफिट्सचं पान बाजूला ठेवा आणि त्या रूटचं वेळापत्रक उघडा.

वेळापत्रकात तीन गोष्टी बघायच्या: दिवसाला किती फ्लाइट आहेत, विमान कोणतं आहे आणि किती एअरलाइन तो रूट उडवतात. शिकागो ओहेअर ते मिनियापोलिससारख्या रूटवर युनायटेड, अमेरिकन आणि डेल्टा तिघीही आहेत, त्यामुळे एक फ्लाइट हुकली तरी मागे पर्याय उरतात. याउलट लहान गावातून हबला (एअरलाइनच्या मोठ्या केंद्र विमानतळाला) दिवसाला दोन-तीनच ५० सीटची सीआरजे ही छोटी जेट विमानं जात असतील, तर तिथे राहून कम्यूट (घरून बेसवर ये-जा) करण्याचा बेत मी कुणालाच सुचवणार नाही. रूट थेट नसेल आणि दोन टप्प्यांत जावं लागत असेल, तर दोन्ही टप्प्यांवर सीट मिळण्याची शक्यता एकमेकींनी गुणायची असते. प्रत्येक टप्प्यावर ७० टक्के खात्री वाटत असली, तर हातात उरतात जेमतेम ४९.

स्टँडबाय यादीतला क्रम आपण कुणाचे कर्मचारी आणि कुणाच्या विमानात बसतोय यावर ठरतो. एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या अमेरिकनच्या स्वतःच्या मालकीच्या कंपन्या आहेत. त्यांच्या लोकांना मेनलाइनवाल्यांसारखीच, म्हणजे मुख्य कंपनीच्या कर्मचाऱ्यांसारखीच, डी-२ श्रेणी मिळते आणि त्या श्रेणीत जो आधी चेक-इन करतो तो वर जातो. म्हणून तिथे उड्डाणाच्या बरोबर २४ तास आधीचा गजर लावावाच लागतो. डेल्टा आणि युनायटेडवर आधी श्रेणी आणि मग नोकरीला लागल्याची तारीख बघतात. तिथे लवकर चेक-इन करून क्रम सुधारत नाही. स्कायवेस्टसारख्या कंपन्या युनायटेड, डेल्टा, अमेरिकन आणि अलास्का अशा चौघींसाठी उडतात. कम्युटरसाठी हा मोठा फायदा आहे, पण चारही ठिकाणचे नियम वेगळे वाचावे लागतात.

नवे लोक सर्वांत जास्त फसतात ते सीट मॅप बघून. मॅपवर रिकामी दिसणारी सीट म्हणजे विकली न गेलेली सीट नव्हे. सीट नंबर अजून न मिळालेले तिकीटधारक त्यात दिसतच नाहीत. कर्मचाऱ्यांच्या साइटवर विमानाची क्षमता, बुकिंग, चेक-इन झालेले प्रवासी आणि स्टँडबाय यादी हे आकडे शोधा. त्याच रूटवरची आधीची फ्लाइट रद्द झाली का, तेही बघा. झाली असेल तर तिचे प्रवासी तुमच्या फ्लाइटवर येणार आणि सकाळी मोकळ्या दिसलेल्या १२ सीट दुपारपर्यंत संपणार. दुसऱ्या एअरलाइनचे लोड, म्हणजे किती सीट भरल्या आणि किती मोकळ्या, ते कळायला स्टाफट्रॅव्हलर हे ॲप कामाचं आहे. तिथे त्या त्या कंपनीचे कर्मचारीच आकडे कळवतात.

दिवसाची पहिली फ्लाइट धरणं सगळ्यात शहाणपणाचं. विमान बहुतेक वेळा रात्रीच येऊन उभं असतं, मागच्या उशिराचा फटका बसत नाही, आणि पहाटे न उठू शकलेल्या प्रवाशांच्या सीट मोकळ्या होतात. उन्हाळ्यात संध्याकाळची वादळं सुरू झाली की पुढचं सगळं गणित कोलमडतं. मंगळवार, बुधवार आणि शनिवार साधारण सोपे जातात. रविवार संध्याकाळ आणि थँक्सगिव्हिंगचा आठवडा यांवर ड्युटी अवलंबून ठेवू नका.

लहान विमानांबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरून गेट एजंटवर उगाच राग काढला जातो. सीट रिकामी असूनही स्टँडबायला चढवत नाहीत, यामागे बहुधा वजन असतं. सीआरजे-२०० ची कमाल लँडिंग वजनमर्यादा ४७,००० पौंड आहे. उतरायच्या ठिकाणी हवामान खराब असलं की दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं जादा इंधन घ्यावं लागतं. फ्लाइट छोटी असेल तर वाटेत फारसं इंधन जळत नाही, आणि ते वजन उतरताना विमानातच असतं. एक प्रवासी हातातल्या सामानासह साधारण २०० पौंड धरला, तर २,००० पौंड जादा इंधन म्हणजे १० माणसं कमी. कडक उन्हात टेकऑफचीही मर्यादा आड येते. कॉकपिटमधली जंपसीट, म्हणजे तिथली जादा सीट, हीसुद्धा या हिशेबातून सुटत नाही. त्यामुळे ५० सीटच्या विमानात सहा सीट मोकळ्या दिसल्या आणि ढग दाटले असले, तर त्या सहा सीट नाहीतच असं समजून पुढची सोय बघा. त्याच रूटवर एम्ब्रेअर १७५ (थोडं मोठं विमान) असेल तर आधी ती पकडा.

प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी काम सरळ आहे. लिस्टिंग, म्हणजे स्टँडबाय यादीत नाव टाकणं, आधी करून ठेवा, त्यानंतरच्या फ्लाइटवरही जमत असेल तर करा. सिक्युरिटीसाठी मिळणाऱ्या कागदावर सीट नसते, ती गेटवरच मिळते, त्यामुळे बोर्डिंग सुरू व्हायच्या आत तिथे हजर असा. मोठ्या एअरलाइन उड्डाणाच्या १५ मिनिटं आधी बोर्डिंग थांबवतात आणि नावं त्याच्या आसपास पुकारली जातात. बाथरूमला जायची ती वेळ नव्हे. बॅग चेक-इन करू नका. तुम्ही राहता आणि बॅग पुढे जाते. नंबर लागला नाही तर लिस्टिंग पुढच्या फ्लाइटवर आपोआप गेलं का, हे ॲपमध्ये स्वतः तपासा.

पायलटांकडे जंपसीट हा आणखी एक मार्ग असतो. गेटवर कॅस या यंत्रणेतून ओळख आणि नोकरी तपासली जाते. कंपनीचं आयडी, पायलट सर्टिफिकेट आणि मेडिकल जवळ हवंच. त्यानंतर कॅप्टनची परवानगी स्वतः जाऊन मागायची. अंतिम शब्द त्याचाच, आणि ही परवानगी गृहीत धरणं फार वाईट दिसतं. फ्लाइट अटेंडंटना दुसऱ्या कंपनीच्या कॉकपिटमधली जंपसीट मिळत नाही. त्यांचा कम्यूट म्हणूनच जास्त अवघड आहे, आणि बेस निवडताना त्यांनी अधिक काटेकोर असावं असं मला मनापासून वाटतं.

बऱ्याच करारांमध्ये कम्युटर क्लॉज असतो. रिपोर्टिंगच्या आधी पोहोचणाऱ्या, सीट मोकळ्या दिसणाऱ्या दोन फ्लाइटचा प्रयत्न केला होता हे दाखवता आलं, तर गैरहजेरीची शिक्षा टळते. पुरावा म्हणून लोडचे आणि स्टँडबाय यादीचे वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. ट्रिपचे पैसे मात्र बुडू शकतात. शॉर्ट-कॉल रिझर्व्हवर, म्हणजे बोलावल्यावर थोड्याच वेळात हजर व्हायच्या ड्युटीवर, असाल तर घरून कम्यूट करणं शक्यच नसतं, बेसजवळ राहावं लागतं. त्यासाठी क्रॅशपॅड (क्रूने मिळून भाड्याने घेतलेली झोपायची जागा) घेताना हॉट बेड, म्हणजे जो रिकामा असेल तो पलंग, की कोल्ड बेड, म्हणजे स्वतःचा ठरलेला, हे आधी विचारून घ्या. महिन्यात बऱ्याच रात्री काढायच्या असतील तर जादा पैसे देऊन कोल्ड बेडच घ्यावा.

झोपेचा मुद्दा मी हलक्यात घेणार नाही. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन एअरची फ्लाइट ३४०७ कोसळून ५० जण गेले. तिच्या दोन्ही पायलटांचा बेस नेवार्क होता. कॅप्टन फ्लोरिडाहून, तर फर्स्ट ऑफिसर सिएटलहून रात्रभर प्रवास करून आली होती. थकव्यामुळे दोघांची कामगिरी बहुधा खालावली होती, पण नेमकी किती ते ठरवता येत नाही, असं एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-तपास संस्थेने नोंदवलं. २०१४ पासून लागू असलेल्या पार्ट ११७ या ड्युटी-विश्रांतीच्या सरकारी नियमानुसार पायलटला १० तास विश्रांती आणि त्यात ८ तास सलग झोपेची संधी मिळते. पण त्याच १० तासांत तुम्ही कम्यूट केलात तर नियम अडवत नाही. ताजंतवानं हजर होण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आदल्या संध्याकाळी पोहोचण्याचा खर्च कम्यूटच्या हिशेबात पहिल्यापासून धरा.

आता घरच्यांसाठी. जोडीदार, तुमच्यावर अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील यांच्या मोफत प्रवासावर आयकर लागत नाही. मित्राला किंवा इतर साथीदाराला दिलेल्या प्रवासाची किंमत मात्र तुमच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते. आई-वडिलांना भारतातून स्टँडबायवर आणायचं असेल तर शाळेच्या सुट्ट्या आणि डिसेंबर टाळा. सोबत दुसऱ्या एअरलाइनचं झेड तिकीट (कर्मचाऱ्यांसाठीचं सवलतीचं स्टँडबाय तिकीट) मायआयडीट्रॅव्हल या कर्मचाऱ्यांच्या बुकिंग साइटवर काढून ठेवा. ते वापरलं नाही तर बहुधा परत करता येतं, फक्त परताव्याची अट आधी वाचा. युरोपमार्गे आणत असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम त्या देशापुरता तपासा. शेंगेन व्हिसा नसेल तर फ्रँकफर्टला पुढच्या विमानात जागा न मिळाल्यास रात्र विमानतळातच काढावी लागते. सत्तरीतल्या माणसांना त्या प्रसंगात टाकण्यापेक्षा तेवढ्या एका प्रवासापुरतं पक्कं तिकीट काढावं.