पिकअपचं अॅव्हरेज वाढवून देतो म्हणाले, आणि १८,५०० चा चुना लावून गेले

आधीच सांगतो, मी काय नवखा नाही, अकरा वर्षं झाली पिकअप चालवतोय, नारायणगाव ते वाशी मार्केट, टोमॅटोच्या सीझनला आठवड्याला दोन-तीन खेपा, बाकीच्या वेळी कांदा कोबी जे भाडं मिळेल ते. तरीपण गंडलो. आणि गंडलो ते माणूस खोटं बोलत होता म्हणून नाही, अर्धं खरं बोलत होता म्हणून.

चाकणच्या अलीकडं आम्ही चहाला थांबतो तिथं दोन पोरं व्हॅन लावून उभी होती. मागं फ्लेक्स, हवा कापा डिझेल वाचवा. त्यातला एक इस्त्रीचा शर्टवाला, लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवत होता, ट्रकवर धूर सोडलाय आणि तो धूर टपावरून कसा गुळगुळीत जातो ते. म्हणला, शेठ तुमचं डिझेल माल ओढायला जात नाही, हवा ढकलायला जातंय. एक्स्प्रेसवेला ८० नं जाताना खिडकीतून हात बाहेर काढा, कळेल.

आता हे खरंच आहे ना. वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, ४० ला जेवढा अडथळा त्याच्या चौपट ८० ला. आणि आपली पिकअप म्हणजे पुढून सरळ भिंत, वर कॅरेटची थप्पी केबिनच्या वर दीड फूट निघालेली. परत येताना रिकामी कॅरेट असतात, वजन काहीच नाही पण उंची तीच, म्हणजे हवेच्या हिशोबानं गाडी भरलेलीच. हे मला त्यानंच समजावलं आणि मला पटलं, कारण रिकामं येताना अॅव्हरेज म्हणावं तेवढं वाढत नाही हे मी वहीत बघत आलोय.

किटमध्ये दोन वस्तू. टपावर लावायचा फायबरचा डिफ्लेक्टर, म्हणजे समोरची हवा मालावरून वर वळवणारी फळी, आणि स्टेअरिंगखाली ओबीडी पोर्टात, म्हणजे मेकॅनिक इंजिन तपासायला मशीन जोडतो त्या सॉकेटात, खोचायची एक चिप. २५ टक्के फरक पडणार, नाही पडला तर ३० दिवसांत पैसे परत. माझं अॅव्हरेज तेव्हा ११.८, महिन्याला ३,००० किलोमीटर, त्यानं कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं, महिन्याला पन्नासेक लिटर वाचणार, म्हणजे साडेचार हजार, चार महिन्यांत किट फुकट. असा हिशोब कोणाला गोड लागणार नाही?

तरी म्हणलं आधी टेस्ट दाखवा. हो म्हणला लगेच, तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बोलावलं, गाडी रिकामी घेऊन या म्हणला. किट तात्पुरतं दोरीनं बांधलं, पंपावर टाकी फुल केली, राजगुरूनगरच्या पुढं १८ किलोमीटर जाऊन परत, गाडी त्यांचाच पोरगा चालवत होता. परत त्याच पंपावर फुल. २.४५ लिटर बसलं. ३६ भागिले २.४५, १४.७! मी खूष.

आता डोकं शांत असताना यातली गोम सांगतो, नीट वाचा. पहिल्यांदा टाकी भरताना त्यानं गाडी हलवून हलवून, फेस बसू देऊन, पार गळ्यापर्यंत डिझेल घातलं. मी म्हणलं बरोबर आहे, माणूस काटेकोर आहे. परत आल्यावर मात्र नोझल पहिल्यांदा टक झालं की काढून घेतलं. डिझेलला फेस येतो, फेसानं नोझल लवकर टक होऊन बंद होतं, टाकीत जागा शिल्लक असते. माझ्या जुन्या अॅव्हरेजनं ३६ किलोमीटरला ३ लिटर लागलं असतं, म्हणजे सगळा खेळ अर्ध्या-पाऊण लिटरचा, आणि तेवढा फरक नुसता टाकी कशी भरली यात निघतो. त्यात गाडी रिकामी, पोरगा ५० च्या वर गेलाच नाही. ४५ ते ५५ नं चालवा, डिझेल वाचेल, हे तर पीसीआरएवाले, म्हणजे इंधन वाचवा सांगणारी सरकारी संस्था, किती वर्षं फुकटात सांगतायत.

पैसे १०,००० फोनवरून दिले, बाकी ८,५०० रोख. बिल मागितलं तर एक चिठ्ठी दिली, त्यावर फक्त "एफआरपी शीट फिटिंगसह", म्हणजे नुसता फायबरचा पत्रा. जीएसटी नंबर नाही, अॅव्हरेजचा शब्द नाही, गॅरंटीचं कार्ड वेगळं आणि त्यावर पत्ताच नाही. केबिनच्या टपाला चार भोकं पाडून डिफ्लेक्टर बोल्टनं आवळला. नवीन भोकाच्या कडेचा पत्रा चकाकत होता तेव्हा पोटात गोळा आला होता खरं सांगतो.

पहिल्या आठवड्यात ११.३. फोन केला तर म्हणला, शेठ ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, शिकतोय अजून, चिपला १,५०० किलोमीटर द्या. दिले. ११.२. परत फोन, आता म्हणे एअर फिल्टर बदला, मग सेट होईल. बदललं. मग म्हणे मागचा फाळका उघडा ठेवून चालवा, हवा हौद्यात अडकते. रिकाम्या गाडीनं एक फेरी तसं पण केलं, दोन कॅरेट आणि एक नायलॉनची रस्सी तळेगावच्या अलीकडं रस्त्यावर गेली, मागचा गाडीवाला वाचला हे नशीब. (फाळका बंद असला की हौद्यात हवा गोल फिरत राहते आणि वरची हवा तिच्यावरून घसरत जाते, उघडला की उलट ओढ वाढते. हे नंतर कळलं.) या सगळ्यात ३४ दिवस गेले. गॅरंटी ३० दिवसांची. पस्तिसाव्या दिवसापासून फोन बंद.

चिप भाच्यानं फोडली, तो आयटीआयला आहे. आत तीन एलईडी, त्यांना लुकलुक करायला लावणारा एक बारका तुकडा, चार रेझिस्टर. पोर्टच्या फक्त करंटच्या आणि अर्थच्या पिनेला जोड, डेटाच्या पिना कोऱ्या. म्हणजे ती चिप इंजिनशी एक शब्द बोलत नव्हती, शिकणार काय डोंबल! अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, इंधन वाचवतो म्हणणारी असली शंभरावर यंत्रं तपासली, अॅव्हरेज ठळक वाढवणारं एक सापडलं नाही, हे मला आधी वाचायला काय झालं होतं.

आणि डिफ्लेक्टर? ती वस्तू खोटी नाही बरं का. बंद कंटेनर असेल, केबिनपेक्षा उंच, रोज हायवेला पळणारा, तर गोलाई बरोबर असलेला डिफ्लेक्टर थोडंफार डिझेल वाचवतो. माझ्याकडं दिला तो सरळ उभा पत्र्यासारखा, सगळ्या गाड्यांना एकच साईज. कोबीच्या खेपेला माल केबिनच्या बरोबरीला असतो, तेव्हा तर हा डिफ्लेक्टरच हवेला आडवा उभा. घाटात आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हवेचा प्रश्नच नाही, तिथं वजन आणि क्लच डिझेल खातं.

माझं खरं डिझेल कुठं जात होतं ते ऐका. ताडपत्री. मागून ढिली, फडफडत जायची, गाठोड्यासारखी फुगायची. आता दोन्ही बाजूनं आवळून बांधतो, थप्पी एक थर कमी लावून मागं पसरवतो, टायरची हवा दर सोमवारी बघतो, आणि रिकामं येताना ८५-९० ची हाव सोडून ६५ ला धरतो. गेल्या दोन महिन्यांचं अॅव्हरेज १२.६ आहे, टाकी प्रत्येक वेळी त्याच पंपावर, पहिल्या टकला बंद, महिन्याभराचे लिटर आणि किलोमीटर भागून. तीस-चाळीस किलोमीटरची टेस्ट कोणी दाखवली तर हात जोडा आणि निघा.

१९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाईन. बाई नीट बोलल्या पण पहिलाच प्रश्न, विक्रेत्याचं नाव पत्ता काय. माझ्याकडं चिठ्ठी आणि बंद नंबर. ज्या खात्यात १०,००० गेले ते कुणा तिसऱ्याच्याच नावावर, त्याची तक्रार १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, पण नोंदवलीय, नंबर मिळालाय, पुढं काही नाही. रोख दिलेल्या साडेआठ हजाराला तर काही पुरावाच नाही.

गंमत म्हणजे आमच्यातल्याच एकानं त्याच दिवशी तेच किट घेतलं होतं आणि तो अजून म्हणतो फरक आहे. किती फरक विचारलं तर म्हणतो, जाणवतं ना. वही ठेवत नाही तो. मी चिप फोडलेली दाखवली तर म्हणला, तुझी डुप्लिकेट आली असेल.

डिफ्लेक्टर काढला, सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकलाय. टपाची भोकं एमसीलनं बुजवली, तीन बसली, चौथं भोक बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर, परवा माळशेजच्या पावसात त्यातनं थेंब थेंब मानेवर पडत होतं कल्याणपर्यंत.