पोळीच्या मापाचा डबा

दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीसाठी गेल्या जूनपासून मी कप्प्यांचे तीन डबे घेतले. त्यांपैकी पहिला पाच आठवड्यांत आणि दुसरा गणपतीच्या सुट्टीआधीच बाजूला पडला. तिसरा आजही रोज दप्तरात जातो, आणि हे परीक्षण मुख्यतः त्याचे आहे. कंपन्यांची नावे मी मुद्दामच देत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेला डबा बाजारात चार वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. त्यामुळे नावापेक्षा डब्याची घडण ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिला डबा बाहेरून रंगीत प्लास्टिकचा आणि आतून स्टीलचा होता. त्यावर हत्तीचे चित्र होते आणि निवड अर्थातच मुलीची होती. या प्रकारच्या डब्यात स्टीलचे पातळ ताट प्लास्टिकच्या कवचात दाबून बसवलेले असते. घासताना त्या दोहोंच्या फटीतून पाणी आत शिरते, आणि ते उलटे करून, झटकून किंवा रात्रभर उन्हाळ्याच्या हवेत ठेवूनही पूर्ण निघत नाही. महिन्याभरात डबा हलवला की खळखळ आवाज येऊ लागला, आणि पुढे वास. आतले ताट सुटे काढता येत नसेल, तर असा डबा कितीही सुबक दिसला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसरा डबा पूर्ण स्टीलचा होता, पण त्याचे पाच कप्पे पाहता तो आपल्या जेवणासाठी घडवलेलाच नव्हता, हे मला फार उशिरा उमगले. सँडविच, गाजराचे तुकडे, चार द्राक्षे आणि एखादे बिस्किट अशा जेवणाला तो उत्तम. आपली घडीची पोळी मात्र साधारण १८ सेंटीमीटर व्यासाची असते, म्हणजे चतकोर घडी केल्यावर तिच्या दोन्ही सरळ कडा ९ सेंटीमीटरच्या होतात. कप्प्याची आतील लांबी-रुंदी त्याहून कमी असेल, तर पोळी चेपून कोंबावी लागते, तिच्या कडा वळतात आणि दुपारपर्यंत ती चामड्यासारखी होते. दुकानात जाताना मी आता जाड कागदाची चतकोर पोळी कापून नेते. दुकानदार हसतात, पण डब्यावर लिहिलेले ‘८५० मिलिलिटर’ हे माप पोळीच्या बाबतीत काहीच सांगत नाही. ते आकडे वरणभाताचे.

गळतीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘लीकप्रूफ’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक वेष्टनावर असतो आणि तो बहुधा अर्धाच खरा असतो. झाकणाच्या कडेला रबर बसवलेले असल्याने डब्यातून बाहेर काही सांडत नाही, एवढीच त्याची हमी असते. मटकीच्या उसळीचा रस शेजारच्या कप्प्यातल्या पोळीपर्यंत पोहोचणार की नाही, हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर मधल्या भिंतीच्या उंचीवर अवलंबून असते. भिंत कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जरी खाली असली, तरी दप्तर आडवे पडल्यावर रस तेवढ्या फटीतून सहज वाहतो. काही डब्यांत या भिंती नंतर डाग देऊन जोडलेल्या असतात. तिथे रस खालूनही पाझरतो आणि सांध्यात अन्नाचे कण अडकतात. एकाच पत्र्यातून दाबून काढलेला, गोलसर कोपऱ्यांचा डबा त्यापेक्षा कधीही बरा. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी एका कप्प्यात हळद कालवलेले पाणी आणि शेजारच्यात कागदी रुमाल ठेवून डबा अर्धा तास आडवा ठेवावा. दुसऱ्या डब्याचा रुमाल दहा मिनिटांत पिवळा झाला होता.

तिसऱ्या डब्याला तीनच कप्पे आहेत. मोठा कप्पा १२ गुणिले १० सेंटीमीटर, म्हणून त्यात दोन पोळ्या किंवा एक छोटे थालीपीठ नीट मावते. झाकणाच्या आत सिलिकॉनचा अखंड पत्रा आहे आणि तो मधल्या भिंतींवरही दाबून बसतो. दाटसर उसळ, फोडणीचा भात, बटाट्याच्या काचऱ्या आणि दह्यातली घट्ट कोशिंबीर यांच्या परीक्षेत तो उतरला. आमटीच्या परीक्षेत उतरला नाही, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही. पातळ पदार्थासाठी फिरकीच्या झाकणाची छोटी डबी वेगळी द्यावी लागते. ती डबी याच्या मोठ्या कप्प्यात बसते, पण मग पोळ्यांना जागा उरत नाही.

अशा घट्ट झाकणाचा एक तोटा मात्र आम्हाला भोवला. सकाळी साडेसहाला गरम भाजी भरून लगेच झाकण लावले, तर आतली हवा व वाफ निवताना दाब कमी होतो आणि झाकण असे चिकटते की सात वर्षांच्या बोटांना ते उघडत नाही. पहिल्या आठवड्यात मुलगी न जेवताच घरी आली. “आई, बाईंनासुद्धा नाही उघडलं,” हे तिचे स्पष्टीकरण होते. आता भाजी ताटलीत पसरून निववते आणि मगच भरते, त्यामुळे पोळ्यांना पाणी सुटण्याचाही त्रास थांबला. खरेदीच्या वेळी दुकानातच मुलाला कड्या लावायला आणि काढायला सांगावे.

धातूविषयी दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्यावर विसंबू नये. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज अधिक असते, पण चुंबक दोहोंनाही सहसा चिकटत नाही. उलट दाबून घडवलेल्या चांगल्या ३०४ च्या कोपऱ्यांना तो किंचित ओढ दाखवू शकतो. त्यापेक्षा तळावरचा ठसा आणि आयएसआय चिन्ह पाहावे. स्टीलच्या भांड्यांसाठी हे चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला आहे. लोणचे मात्र कोणत्याही स्टीलमध्ये तासन्‌तास ठेवू नये. मीठ आणि आंबटपणा मिळून डाग पाडतात.

वजन ही या डब्याची खरी उणीव आहे. रिकामा डबा ४८० ग्रॅम, भरल्यावर जवळजवळ ८०० ग्रॅम. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावे. माझ्या २२ किलोच्या मुलीसाठी ही मर्यादा २ किलो २०० ग्रॅम होते, आणि तिचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एकटा डबाच खातो. पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे तळाशी त्रिकोणात ५ आकडा असलेला, डबा निम्म्या वजनात मिळतो. पण तेलकट भाजीचा पिवळेपणा आणि लसणीचा वास तो सोडत नाही, म्हणून मी जडपणा पत्करला.

सिलिकॉनचा पत्रा रोज काढून धुवावा लागतो. तीन दिवस आळस केला की खाचेत काळी बुरशी दिसते, आणि पावसाळ्यात तर दोनच दिवस पुरतात. हळदीचा डाग पडला तर घासत बसू नये. पत्रा दुपारभर उन्हात ठेवला की पिवळा रंग आपोआप उडतो. वासाचा साबण मात्र त्याला मानवत नाही, कारण सिलिकॉन तो वास धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पोळीला लिंबाच्या साबणाची चव येते.

किंमत ९५० रुपये पडली, आणि कामाच्या मानाने ती मला रास्त वाटते. तक्रार एवढीच की सिलिकॉनचा पत्रा सुटा मिळत नाही. एका कोपऱ्याला तो आता सैल होऊ लागला आहे, आणि विक्रेत्याने त्यावर नवा डबा घेण्याचा सल्ला दिला.