स्लाइम मोल्ड किट: घ्यावं, पण आधी बीओडी इन्क्युबेटर बघा

डिक्टिओस्टेलियम (मातीतला स्लाइम मोल्ड; याचे सुटे अमिबा उपासमार झाली की एकत्र येऊन देठ आणि बीजाणू बनवतात) याचं हे किट बीएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी पैसे वसूल करणारं आहे. सिलिका जेलवर सुकवलेले बीजाणू, खाद्य म्हणून क्लेबसिएला जीवाणूंचा स्लँट (तिरक्या अगारवरचं कल्चर), एसएम अगार (वाढीचं पोषक माध्यम), फॉस्फेट बफर आणि न्यूट्रल रेड हा रंग, एवढं मिळतं. बीजाणू चांगले रुजतात.

अडचण मुंबईच्या हवेची. या अमिबांना २२ अंश लागतात, २७ च्या वर वाढ थांबते. कॉलेजात संध्याकाळी एसी बंद झाला की प्लेट वाया. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी) नसेल तर किट घेऊ नका.

पुस्तिकेत पेशी एकदाच धुवायला सांगितलंय, ते चूक. बफरमध्ये तीनदा धुवा. जीवाणू उरले तर अमिबा खात बसतात, आणि उपासमार झाल्याशिवाय ते एकत्र येत नाहीत. १.५ टक्के साध्या अगारची प्लेट झाकण उघडून नीट सुकवा. पाणी साचलं तर पेशी तरंगतात, एकत्र येण्यासाठी प्रवाह धरत नाहीत. संध्याकाळी पाचला उपाशी ठेवलं की सकाळी नऊला स्लग (पेशींचा एकत्र सरकणारा लांबट गोळा) तयार. देठ आणि बीजाणूंची गाठ २४ तासांत.

किटची खरी किंमत न्यूट्रल रेडमध्ये आहे. दोन-तीन मिनिटंच रंगवा, जास्त झालं तर सगळंच लाल. स्लगचा पुढचा साधारण पाचवा भाग गडद दिसतो, तो देठ होणार. मागचा फिका भाग बीजाणूंचा. त्या फिक्या भागातही लाल ठिपके विखुरलेले दिसतील. पुस्तिका त्यांना ‘रंगाचे डाग’ म्हणते, हे फार खटकलं. त्या पुढच्यासारख्याच पेशी आहेत, त्यांतल्या बऱ्याच पुढे बीजाणूंच्या गाठीला आधार देतात.

‘जी पेशी पुढे पोचली तिचा देठ’ हे पुस्तिकेतलं वाक्यही अर्धवट. उपासमार सुरू होताना पेशी विभाजनचक्रात कुठे होती, यावर तिचा कल आधीच ठरू लागतो. नुकतीच विभागलेली देठाकडे झुकते, विभाजनाच्या जवळ आलेली बीजाणूकडे. दोन्ही प्रकार एकत्र आलेल्या पेशींच्या ढिगात मिसळलेले असतात, मग देठवाल्या टोकाकडे सरकतात.

पण हा कल पक्का नसतो. बारीक सुईने लाल टोक कापून काढा आणि उरलेला फिका तुकडा ओलसर प्लेटवर तसाच राहू द्या. काही तासांत त्याला नवं टोक येतं, आणि पुढे छोटा पण पूर्ण देठ उभा राहतो. हा प्रयोग पुस्तिकेत नाहीच. त्यासाठी न्यूट्रल रेडची कुपी अपुरी पडते, जास्तीची प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणून ठेवा.